जेवणाआधीची सुई

आमच्या बौद्ध लोकांत कोणी वारलं की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. तिथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने 'दोन शब्द' बोलल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि दोन शब्दांत आटोपलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एरवी मी पदरात तोंड लपवून हसते. पण भीमपूरकडच्या गावात माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे यांच्या थोरल्या भावाचा कार्यक्रम होता, त्या दुपारी एकेका वक्त्याचा गळा धरावासा वाटत होता.

कारण यांनी सुई घेऊन ठेवली होती. आचारी म्हणाला, "झालंच गुरुजी, वाढूनच राह्यलो," आणि यांनी भिंतीआड जाऊन पोटात इन्सुलिन टोचलं. तेवढ्यात पाहुण्यांची आणखी एक जीप आली आणि माईक पुन्हा सुरू झाला. इन्सुलिनला भाषणं कळत नाहीत. वरून अन्न येवो न येवो, ते रक्तातली साखर पेशींत ढकलत राहतं.

मी खुणेने विचारलं, काही खाता का? यांनी नको म्हटलं. दादांच्या फोटोशेजारी बसून सगळ्यांआधी कसं खायचं? दादांनी दुसऱ्यांच्या शेतात राबून यांना शिकवलं, मास्तर केलं. जीव गेला असता तरी हे उठले नसते.

साखर उतरली की खरं तर शरीर स्वतःच बोंब मारतं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, साठवलेली साखर सोड म्हणून यकृताला हुकूम जातो. पण यांचा आजार जुना, साखर कितीदा तरी उतरलेली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "यांची ती घंटा आता वाजत नाही. तुम्हीच लक्ष ठेवा." म्हणून मी भाषणं ऐकतच नव्हते, यांचं तोंड बघत होते. ते कोरडं होतं. घाम मला फुटला होता.

मग यांचं नाव पुकारलं. हे उठले, माईक धरला आणि नुसतेच उभे राहिले. बऱ्याच वेळाने जड जिभेने म्हणाले, "दादाले येऊ द्या. दादा आले की बसू जेवाले."

बायका हुंदके देऊ लागल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, "गुरुजी घेऊन आले काय?" दारूला कधी न शिवलेला माणूस! असा संताप आला मला, पण भांडायला वेळ नव्हता. चुलीजवळच्या डब्यातली साखर लोट्यात ओतली, पाणी घातलं आणि बोटाने ढवळत पुढे धावले.

"प्या."

"सरक बाजूले! दादा आल्याबिगर मी पानी बी पेत नाई."

लोट्याला असा हात मारला की निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडलं. एवढ्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला ओळखतच नव्हते. यांचा तोल जायला लागला, तसं जाऊबाईंनी यांना मागून धरलं. आणखी उशीर झाला तर यांना गिळताही येणार नाही, हे मला माहीत होतं. मी फार घाबरले.

आणि तोंडातून निघून गेलं, "दादानंच पाठवलं हाय. प्या."

त्यांनी लगेच दोन्ही हातांनी लोटा धरला आणि शहाण्या पोरासारखं सगळं पाणी संपवलं.

आम्ही त्यांना खाली बसवलं, आणखी एक लोटा पाजला. हळूहळू नजर जागेवर आली. "तुई साडी कशानं भिजली?" त्यांनी विचारलं. मला हसूही आलं आणि रडूही. वाचले, एवढंच मनात आलं.

मग त्यांनी मांडव पाहिला, माणसं पाहिली. फोटोवरच्या हारापाशी नजर थांबली. माझा हात घट्ट धरून ते ओक्साबोक्शी रडू लागले. दादा गेले त्या दिवशीही हे रडले नव्हते. मी यांना परत आणलं खरं, पण यांचे दादा त्या दुपारी दुसऱ्यांदा गेले.