जर्मनकाकांचा शब्द

जर्मनकाकांच्या घरी पाहुण्याला भिंतीकडे पाठ करून बसावं लागे. तोंड करून बसलेल्यांपैकी कोणाला गरगरायचं, कोणाचा चहा अंगावर सांडायचा. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखेरीज सगळ्या एकाच जर्मन चित्रकाराच्या चौकटी होत्या. काळ्या-पांढऱ्या रेघा, त्यांच्यापुढे काच, काचेवर पुन्हा रेघा. आपण जागचे हललो की रेघा सरपटायच्या. मोताळ्यात दुसऱ्या कोणाकडे असलं काही नव्हतं, आणि माझी आई म्हणायची, नाही तेच बरं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, मूळचे दुसरबीडचे. तरुणपणी जर्मनीत एका छापखान्यात मशीन दुरुस्तीला होते. महायुद्धानंतर नावारूपाला आलेला तो चित्रकार आपल्या रेघा तिथेच छापून घेई. काकांना त्याचं वेडच लागलं. पगारातून एकेक चित्र घेत गेले आणि मोताळ्याला राहायला आले ते चित्रांच्या पेट्या घेऊन.

पुढे मुंबई-पुण्याचे शौकीन आपली चित्रं पारखायला त्यांच्याकडे आणू लागले. काका मागची सही बघतसुद्धा नसत. "सही कोणीबी मारते," म्हणायचे. चित्र भिंतीला टेकवायचं, समोर स्टुलावर न हलता बसायचं आणि पाहत राहायचं. खरं असेल तर रेघा विहिरीसारख्या आत आत जातात. नकलेत रेघांचं अंतर चुकतं, ती सपाट राहते. "दोन डोळे हायेत ना तुले, मंग पाह्य!" असं मलाही शिकवायचे. काकांनी नक्कल म्हटलं की ते चित्र बाजारातून उठलंच. त्यांच्या शब्दावर दुसरा शब्द नव्हता.

मग नकला वाढायला लागल्या. येईल ते चित्र सपाट. "काय जमाना आला पाह्य, सारे चोर झाले!" काका अगदी खुशीत सांगायचे. मला मात्र ते पटत नव्हतं. कारण काका हल्ली दारातून जाताना डाव्या खांद्यानं आपटत होते आणि चहा बशीबाहेर ओतत होते. डोळे दाखवून या म्हटलं की भडकायचे. "काऊन वं? माह्या नजरेवर शंका घेऊन राह्यली का? रोज पेपर वाचतो मी!" असला हट्टी माणूस! मी तरी किती डोकं फोडणार?

त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक बाई आल्या. नवरा गेलेला, त्यानं घेतलेलं चित्र चादरीत गुंडाळून आणलेलं. त्यांना ते विकायचं नव्हतं. या चित्रापायी नवऱ्याला सगळ्या नातेवाइकांनी वेड्यात काढलं होतं, तो खरंच फसला होता का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. काका स्टुलावर बसले, बराच वेळ पाहत राहिले. "सपाट हाय, बाई. फसले तुमचे साहेब." बाईंनी मी केलेला चहासुद्धा घेतला नाही.

दिवाळीच्या आधी एकदा दुपारी गेले, तर काकांनी स्वतःचंच एक चित्र भिंतीवरून उतरवून समोर ठेवलेलं. चेहरा पांढराफटक. "हेबी सपाट दिसून राह्यलं," म्हणाले. ते चित्र काकांच्या डोळ्यांदेखत छापलेलं होतं, चित्रकारानं स्वतः त्यांच्या हातात दिलेलं. ते नकली असणार कसं? काकांनी डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला, आणि हात पुढे करून भिंत चाचपायला लागले. देवा रे! मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा गेला, तो आता येत नाही. "दुखत नाही ना, म्हणून कळत नाही," ते म्हणाले. रेघांची खोली दोन्ही डोळ्यांनी मिळूनच दिसते. काकांनी उरलेल्या डोळ्याचं काहीच विचारलं नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. "दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

घरी आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडून पहिला फोन पुण्याला लावून घेतला. काका तोंड उघडायच्या आत बाईच बोलायला लागल्या. "बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. परत आल्या आल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं मी. काच त्यानं तिथंच फोडली. इतका राग आला होता ह्यांचा!"

काका स्टुलावर बसले.

"बाई, साहेबावर रागावू नका," ते म्हणाले. "मले एकच डोळा राह्यला होता, अन् मले ते मालूमच नव्हतं. ते चित्र खरं असंन. नसंनबी. आता कोणालेच सांगता येनार नाही."

बाईंनी फोन ठेवला नाही. काकांनीही फोन ठेवला नाही.