भायखळ्याच्या पुलावर बंद पडणारी गाडी

संपाला वर्ष उलटलं तेव्हा आमच्या घरात मिळवतं माणूस एकच उरलं होतं, माझा मोठा भाऊ. बाबा परळच्या एका गिरणीत फिटर होते. साचा, म्हणजे माग, बिघडला की त्यांना हाक मारायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आई खानावळ चालवायची, पण तिच्याकडे जेवणारे सगळे गिरणीतलेच. ते एकेक करून ट्रंका उचलून गावी गेले आणि मोठी पातेली माळ्यावर चढली. मी टायपिंग शिकत होते, म्हणजे घराच्या दृष्टीने काहीच करत नव्हते.

भावाला काम मिळालं होतं सिनेमाचे डबे पोचवायचं. तेव्हा दोन थिएटरं मिळून सिनेमाची एकच प्रिंट चालवायची. गिरगावातल्या थिएटरात खेळ आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की पत्र्याच्या डब्यात घालून लालबागच्या थिएटरात न्यायचं, तेही तिथलं आधीचं रीळ संपायच्या आत. उशीर झाला की पडदा पांढरा, आणि पब्लिक खुर्च्या फाडायला मोकळं. ठाकूरद्वारच्या मामाने आपली जुनी मोटरसायकल भावाला वापरायला दिली म्हणून हे काम मिळालं. गाडी थांबली की काम गेलं, इतका सरळ मामला होता.

गाडी आली तेव्हा दसरा तोंडावर होता. दर दसऱ्याला बाबा गिरणीत साच्यांची पूजा करायचे. त्या वर्षीही फाटकाला कुलूप. सकाळपासून ते आंघोळ करून नुसते बसून होते. शेवटी आईच म्हणाली, "खाली गाडी हा ना? तिची करा." बाबांनी तेलात शेंदूर कालवला, गाडी पुसून लख्ख केली, दिव्यावर, हँडलवर बोटं ओढली आणि टाकीच्या झाकणावर मोठा जाड टिळा लावला. त्यांच्या हिशेबी झाकण म्हणजे गाडीचं कपाळ. नारळ फोडताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की मला हसू यायच्या ऐवजी रडू आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी बंद पडायला लागली. गल्लीबोळांतून नीट चालायची. मोकळा रस्ता मिळाला, भावाने वेग वाढवला, की भायखळ्याच्या पुलावर आचके देऊन मरायची. पाच-दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू.

खरं सांगते, गाडी बिघडली म्हणून बाबा खूश झाले. संपात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं होतं. आता भाऊ घरी आला की ते दारातच गाठायचे. "खय पडली? चढावार की उताराक? किती वेळान चालू झाली?" डॉक्टरने पेशंटला विचारावं तसं. मग चाळीच्या पायरीवर फडकं अंथरून त्यांची हत्यारं मांडली जायची. प्लग काढून घासला. कार्ब्युरेटर खोलून जेटमधून फुंकर मारली. पेट्रोलचा कॉक साफ केला. सगळं नीट करायचे, घाई नाही, तोडफोड नाही. त्यांचे हात कामात बघणं मला आवडायचं. आईसुद्धा निवडायचं ताट घेऊन कठड्याशी येऊन बसायची.

त्यांच्या खात्यात एक रिवाज होता. दुरुस्त केलेला साचा टिळा लावल्याशिवाय चालू करायचा नाही. बाबांनी तो गाडीलाही लावला. प्रत्येक दुरुस्तीनंतर झाकणावर शेंदराचं नवं बोट, जुन्यावर नवं. मग भावाने किक मारायची, गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, गिरणीच्या भिंतीपर्यंत चक्कर मारून यायची. बाबा म्हणायचे, "बघ. झाली." दुसऱ्या दिवशी पुलावर पुन्हा तेच.

बाबांनी निदान केलं की प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल तापते. थांबल्यावर चालू होते त्या अर्थी काहीतरी गरम होऊन दगा देतंय आणि गार झालं की शुद्धीवर येतंय. साच्यांच्या मोटरी तशाच वागायच्या. चूक असलं तरी डोकं लावून काढलेलं निदान होतं ते. मामाच्या ओळखीने दुसरी कॉइल मिळवली, बसवली, टिळा लावला. तोवर लालबागला दोनदा पडदा पांढरा झाला होता. मॅनेजरने भावाला ऐकवलं होतं, "अजून एकदा झालं तर उद्यापासून येऊ नकोस." भावाने हे घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता नाय पडाची. मी सांगतंय ना."

पडली. रविवारचा पहिला खेळ, थिएटर भरलेलं, आणि गाडी पुलाच्या माथ्यावर मेली. भाऊ किका मारून थकला. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून त्याने टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. पेट्रोल भरपूर होतं. झाकण तसंच उघडं ठेवून त्याने किक मारली आणि गाडी लगेच सुरू झाली.

झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जातं तशी त्या भोकातून हवा आत येते. भोक बुजलं की टाकीत हवेची पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. हळू चालवलं तर जराशी हवा कुठून तरी शिरते, भागतं. वेग घेतला की भागत नाही. थांबलं की पुन्हा थोडी हवा शिरते. हे सगळं भावाने मला नंतर समजावलं. भोक शेंदराने बुजलं होतं. बाबा दर वेळी गाडी दुरुस्त करत होते आणि दर वेळी स्वतःच्या बोटाने तिचा गळा आवळत होते.

भाऊ लालबागला पोचला तेव्हा लोक तिकिटाचे पैसे परत मागत होते. मॅनेजरने त्याच्या हातातला डबा घेतला आणि दुसऱ्या पोऱ्याकडे दिला.

भावाने रस्त्यातच फडक्याने झाकण पुसलं, टाचणीने भोक मोकळं केलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं, "काम सुटलं. गाडी बरी होती. ट्रॅफिक लागला." मला खरं काय ते त्याने जिन्यात सांगितलं. "त्यांना बोलू नकोस," म्हणाला. माझी काय टाप होती बोलायची.

पण बाबा फिटर होते. ट्रॅफिकवर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी ते खाली गेले आणि मी वरून बघत राहिले. चकचकीत पुसलेलं झाकण त्यांना दिसलं. ते उघडून त्यांनी उजेडात धरलं, भोकाला ओठ लावून फुंकलं. मग कितीतरी वेळ ते झाकण हातात घेऊन उभे होते. वर येऊन त्यांनी हत्यारं फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि त्या दिवसानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. शेजाऱ्याची शिलाई मशीन अडली तरी "माका नाय जमणा" म्हणायचे.

पुढे, संप मिटलेला नसतानाच, गिरणीची थोडी खाती सुरू झाली. बाबांच्या खात्यातले दोघे घरी आले. फिटर हवे होते आणि पहिलं बोलावणं बाबांना होतं. आई चहा ठेवायचं विसरून दारात उभी राहिली. बाबा म्हणाले, "मी येवचंय नाय." का, ते सांगितलं नाही.

ते गेल्यावर भाऊ कळवळून म्हणाला, "बाबा, जावा ना. साचा वेगळा, गाडी वेगळी."

"तुझी भाकरी या हातान गेली," बाबा म्हणाले. "आता दुसऱ्याच्या साच्याक लावू?"

मला बाबांचा संताप आला होता आणि त्यांना जवळ घेऊन रडावंसंही वाटत होतं.

चाळीत मात्र बातमी वेगळीच पसरली. पोट मारलं, पण हा माणूस संप मोडून कामावर गेला नाही. लोक बाबांना रस्त्यात थांबवून हात जोडायला लागले. गणपतीच्या दिवसांत मंडळाने त्यांना मंडपात बोलावून खांद्यावर शाल घातली. त्यांच्या निष्ठेवर एकाने मोठं भाषण केलं. भाऊ आणि मी मागे उभे होतो. बाबा मान खाली घालून सगळं ऐकत राहिले, आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटला.