कढीपत्त्यावरचे पाहुणे

जपानमधल्या सेंदाईतल्या आमच्या शेजारच्या आजी बोलता बोलता मध्येच थांबतात. कचऱ्याची पिशवी हातात तशीच धरून हवेत बोट दाखवतात, फुलपाखराचं नाव सांगतात आणि मग आधीचं वाक्य पुरं करतात. मला सगळी फुलपाखरं सारखीच दिसतात. "रंग सोडा, उडणं बघा," त्या म्हणतात.

यंदा जूनच्या सुरुवातीला माझ्या कढीपत्त्यावर अळ्या चढल्या. बी लावून मोठ्या कष्टाने वाढवलेलं रोप. मी चिमटा घेऊन बाल्कनीत गेले. पलीकडून आजी ओरडल्या, "थांबा! अगेहा आहेत. मोठी पिवळी-काळी फुलपाखरं होतील."

"होऊ देत, पण मी फोडणीत काय घालू?"

त्या आत गेल्या आणि त्यांची सान्शोची कुंडी घेऊन आल्या. सान्शो म्हणजे आपल्या तिरफळाचं भावंड. त्याची पानं त्या रोज टोफूवर घालत. चॉपस्टिकने त्यांनी एकेक अळी उचलून त्यावर ठेवली. थोड्याच दिवसांत झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या.

"यंदा टोफू कोराच," आजी म्हणाल्या.

परवा जोराचा हादरा बसला. २०११च्या त्या मोठ्या भूकंपापासून आमच्या इमारतीत प्रत्येकाची आणीबाणीची पिशवी दाराशी तयार असते. मी माझी घेऊन खाली धावले. आजींची पिशवी वरच राहिली होती. काड्यांची कुंडी पोटाशी धरून त्या उभ्या होत्या. एका काडीला कोश चिकटला होता.

"तुमचा कढीपत्ता?"

"वर आहे."

"एकटाच?"

हादरा केव्हाच थांबला होता. तरी मी जिना चढले आणि त्याला खाली घेऊन आले.