लॉट सत्तेचाळीस आणि माझा मास्टर पासवर्ड

“हे नाव कोणाचं आहे?” शेठजींनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

“रफिकभाईंचं,” मी म्हणालो.

“म्हणजे आकडा त्यांनीच भरला.”

“नोंद त्यांच्या नावावर आहे,” एवढंच मी बोललो. वाक्यात चूक नव्हती. तरीही त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. बदनापूरजवळ शेठजींचा कपाशीच्या बियाण्याचा प्लँट होता. तिथला प्रोग्राम मी लिहिलेला होता. जालन्याच्या बाजारपेठेत, नव्या मोंढ्यात, एका पाइपच्या दुकानावर, आमच्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या. हिरव्या अक्षरांचे तीन कॉम्प्युटर, आणि सुरू झाला की खालच्या दुकानदाराला बोलणं थांबवावं लागे असा प्रिंटर. आमचे मालक खरात सर ग्राहकाकडे फ्लॉपी न्यायचे ती धुतलेल्या रुमालात गुंडाळून. मी पंचविशीत होतो. त्या खोल्यांवर माझं इतकं प्रेम होतं की रविवारीही मी काहीतरी निमित्त काढून तिथे जात असे.

प्रोग्रामचं काम साधं होतं. एकत्र तयार झालेल्या बियाण्याला लॉट म्हणतात. प्रत्येक लॉटमधल्या बिया मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवायच्या, काही दिवसांनी कोंब मोजायचे आणि शेकडा किती उगवल्या ते लिहायचं. ही उगवण चाचणी. लॅबचे प्रमुख रफिकभाई ती अठरा वर्षं करत होते. त्यांचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली असेल, तर माझा प्रोग्राम त्या लॉटची लेबलंच छापत नसे. लेबल नाही तर पिशवी बाहेर नाही.

लॉट सत्तेचाळीसला रजिस्टरमध्ये अठ्ठावन्न टक्के होते, कॉम्प्युटरमध्ये एकाहत्तर. पिशव्या विकल्या गेल्या. पिंपळगाव रेणुकाईचा दुकानदार तक्रार घेऊन आला, तेव्हा शेतांत निम्म्या जागा रिकाम्या होत्या.

“अठ्ठावन्न लिव्हलं मी,” रफिकभाई रजिस्टर छातीशी धरून म्हणाले. “ह्या हातानं मोजलं, शेठजी.”

“रजिस्टर मागाहूनही लिहिता येतं. कॉम्प्युटरची तुमच्याशी काय दुश्मनी?”

रफिकभाई माझ्याकडे वळले. “इंजिनियर साहब, तुम्ही सांगा. ह्याच्यात दुसरं कोणी घुसू शकतं का न्हाई?”

“तपासून सांगतो,” मी म्हणालो.

शेठजींनी त्यांना घरी बसायला सांगितलं. प्लँटमध्ये तोवर बातमी फिरली होती, की रफिकने आकडा विकला.

मला तपासायचं काहीच नव्हतं. प्रत्येक ग्राहकाच्या प्रोग्राममध्ये मी स्वतःसाठी एक चोरदरवाजा ठेवला होता. त्याला आम्ही मास्टर पासवर्ड म्हणत असू. एक शब्द टाकला की सगळं उघडत असे. ग्राहकाचं काम अडलं की तो फोन करी, आणि टेंभुर्णीसारख्या गावी बसने जाऊन अर्धा दिवस घालवण्यापेक्षा मी तो शब्द फोनवर सांगून टाकी. अकरा ग्राहकांना शब्द एकच, कारण अकरा शब्द लक्षात ठेवायचा मला कंटाळा होता. त्या वाटेने नोंद केली की नावाचा रकाना रिकामा राही आणि प्रोग्राम अडे. म्हणून तिथे लॅबप्रमुखाचं नाव आपोआप भरणारी एक ओळ मी लिहिली होती. काम सुटसुटीत झालं म्हणून तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

मे महिन्यात रफिकभाई घरच्या लग्नासाठी रजेवर असताना प्लँटच्या डिस्पॅचचे जाधव यांचा फोन आला होता. कुठल्याशा लॉटचा क्रमांक चुकला होता आणि गाडी उभी होती. मी शब्द सांगितला होता.

हे सगळं मला शेठजींच्या समोर उभं असतानाच कळलं होतं. तरी मी चार दिवस गप्प राहिलो. बाकीचे दहा ग्राहक काय म्हणतील, कंपनीचं काय होईल, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण हलकं होतं. सरांच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती.

पाचव्या दिवशी रफिकभाई आमच्या ऑफिसचा जिना चढून आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“इंजिनियर साहब, बी जमिनीत असलं तरी चार दिवसात कोंब दावतं. तुमची तपासणी किती दिवसाची असती?”

खरात सरांनी मान वर केली. “कसली तपासणी?”

मग मी बोललो. दोघांच्या देखत, उभ्याने, सगळं. बोलून झाल्यावर प्रिंटरवरची धूळ पुसण्याइतकं धाडस माझ्यात उरलं होतं. वर पाहण्याइतकं नव्हतं.

सरांनी चपला घातल्या. “चला बदनापूरला.”

“आधी फोन करू का, सर?”

“फोनवरच तर हे सगळं झालं.”

प्लँटमध्ये मी जाधवांना तो शब्द कुठे लिहून ठेवला आहे ते विचारलं. त्यांनी सरळ टेलिफोनजवळची चुन्याची भिंत दाखवली. ट्रक ड्रायव्हरांच्या नंबरांखाली, पेन्सिलीने, ठळक अक्षरांत माझा मास्टर पासवर्ड लिहिलेला होता.

“लपवलं कुठं मी?” जाधव म्हणाले. “गाडी लागल्ती, लेबल निघंना. मंग टाकला तुमचाच शब्द अन् वाढवला आकडा. दोन-चार टक्क्यानं काय होतंय?”

“तेरा,” रफिकभाई म्हणाले. “तेरा टक्के. बराबर मोजत जा, जाधव.”

“रफिकभाई, तुमचं नाव येईल हे खरंच म्हाईत नव्हतं मला.”

“आल्यावर तर समजलं ना? तवा कुठं गेल्ता?”

जाधव भिंतीवरचा शब्द अंगठ्याने पुसू लागले. तो प्रश्न मलाही तितकाच लागू होता.

शेठजींचा राग आमच्याकडे वळला. “माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे, आणि मलाच पत्ता नाही?”

“खरं आहे,” सर म्हणाले. “चूक आमच्या कंपनीची.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते घेतलं असतं तर मला हलकं वाटलं असतं.

शेठजींनी लॉट परत मागवला, दुबार पेरणीसाठी दुसरं बियाणं दिलं, जाधवांना डिस्पॅचवरून काढलं. रफिकभाईंना म्हणाले, “सोमवारपासून या.”

“येतो. पण ह्यांचा नवीन प्रोग्राम आधी मी बघणार. आम्ही पेरायच्या आधी तपासतो, शेठजी. हे लोक पेरून मोकळे होतात.”

ते खरंच आमच्याकडे येऊन बसले. मी चोरदरवाजा काढला होता. ज्याने आकडा भरला त्याचंच नाव उमटेल आणि जुना आकडा कधीच पुसला जाणार नाही, असं केलं होतं. त्यांनी खोटी नावं टाकली, माझ्या पाठीमागे उभं राहून माझा पासवर्ड वाचला, नोंद चालू असताना वायर उपटली. एकदा तर चहा पिता पिता म्हणाले, “हे बघा, घुसलो.” तीन भोकं सापडली. तिन्ही मला दिसली नव्हती.

त्यानंतर सरांनी नियम केला. ग्राहकाची किल्ली आमच्याकडे राहणार नाही, आणि प्रोग्राम तोडायला बाहेरचा माणूस बसवल्याशिवाय फ्लॉपी ऑफिसबाहेर जाणार नाही. अकराही ग्राहकांना आम्ही समक्ष भेटून चूक सांगितली. दोघांनी आम्हाला सोडलं. फोनवर काम होणार नसेल तर आमचा उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे राहिले. पुढे कंपनी वाढली, सीडी आल्या, इंटरनेट आलं. नव्या मुलांना ‘रफिक टेस्ट’ म्हणजे काय ते मी समजावून सांगत असे. नावामागचा माणूस मात्र थोड्यांनीच पाहिला होता.

मी रफिकभाईंची माफी मागितली होती. ते म्हणाले होते, “माफ केलं.” ते खोटं बोलणारे नव्हते.

पण निवृत्त होईपर्यंत ते प्रत्येक नोंदीचा प्रिंटआउट काढत, त्यावर सही करत आणि तो स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावत. एकदा मी म्हणालो, “रफिकभाई, आता याची गरज नाही. प्रोग्राममध्ये कोणी घुसू शकत नाही.”

“मालूम है, साहब. मीच तपासलाय,” ते म्हणाले, आणि पुढच्या कागदावर सही केली.

प्रोग्राम दुरुस्त करायला मला नऊ दिवस लागले होते. त्या चार दिवसांची दुरुस्ती मला कधीच जमली नाही.