घमेल्यातली आगटी

पिशवीत शेणाच्या गोवऱ्या घालून संभाजीनगरला जाणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. गेल्या नाताळच्या सुट्टीतली गोष्ट आहे. सुट्टी माझी नव्हती, जाऊबाईंची होती. त्या शहरात शाळेवर शिक्षिका आहेत. आमच्याकडे पिशोरला सुट्टी अशी नसतेच. कापसाची शेवटची वेचणी उरकली होती, ज्वारी हुरड्यात आली होती, आणि मी रात्री जेवताना सांगून टाकलं, उद्या मी एकटी जाऊन आत्याबाईंना भेटते आणि संध्याकाळी परत येते.

एकटी म्हटल्यावर मालकांनी ताटावरची मान वर केली. सोळा वर्षांत मी शहरात गेले ती कुणाच्या तरी पाठीमागूनच. बसस्टँडवर चुकशील म्हणाले, रिक्षावाले फिरवतील म्हणाले. मला त्याहून जास्त भीती होती, पण ती मी ताटाखाली दाबून ठेवली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दसऱ्याच्या सुमाराला गोठ्यात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन शहरात झालं. तेव्हापासून त्या थोरल्या दिरांच्या फ्लॅटवर होत्या. हाड जुळलं होतं, डॉक्टरांनी वॉकर देऊन चाला म्हणून सांगितलं होतं. पण आत्याबाई पलंगापासून बाथरूमपर्यंत जायच्या, तेही जाऊबाईंच्या खांद्यावर सगळा भार टाकून, आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायच्या. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना तर आत्याबाईंनी 'लग्न का केलं नाहीस, कधी करणार' असं रोज विचारून पळवून लावलं होतं. संक्रांतीपर्यंत पाय टेकला नाही तर पुढं जागेवरच राहतील, हे डॉक्टर जाऊबाईंना बाजूला घेऊन म्हणाले. जाऊबाईंनी ते मला फोनवर सांगितलं.

आता मी कोण आणि मला काय एवढं, ते सांगते. मी गोंदियाकडची. धानाच्या मुलखातली. सातवीनंतर माझी शाळा सुटली, कारण पुढची शाळा नाल्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात नाला आमचं ऐकत नसे. लग्न करून इतक्या लांब आले तेव्हा मला इथलं बोलणं कळेना आणि माझं 'काहून' न् 'जी' ऐकून घरातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. पहिल्याच हिवाळ्यात शेतातून कोवळ्या ज्वारीची कणसं घरी आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे बोलावून हुरडा भाजायचा होता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चांगली हिरवी दाणेदार वस्तू आहे, सगळे थकून येतील, तर शिजवून ठेवावी. मी सगळी कणसं झोडपली, दाणे धुतले आणि भातासारखे पातेल्यात शिजवून टाकले.

घरभर हसू झालं. हसण्यापेक्षा वाईट म्हणजे नणंदांनी एकमेकींकडे बघितलं. मी चुलीपाशी उभी होते आणि मला वाटत होतं की हे मला आता परत गोंदियाला पाठवणार. आत्याबाई आल्या, पातेल्यात डोकावल्या, ताटलीत तो हिरवा गोळा वाढून घेतला, वर तेल-तिखट घातलं आणि सगळ्यांसमोर बसून ताटली पुसून खाल्ली. मग म्हणाल्या, "आमच्या गोंदियेनं नवा पदार्थ केलाय. ज्याला हसू येतंय त्यानं उपाशी झोपावं."

त्या दिवसापासून त्या मला गोंदिये म्हणतात. रोज दुपारी माझ्याकडून पेपर वाचून घ्यायच्या, घरातली शिकलेली तूच म्हणायच्या, थोरली सून बी.एड. झालेली असतानाही. त्या माणसाचं ऋण मी कशानं फेडणार?

त्यांनीच मला आगटी शिकवली. जमिनीत हातभर खळगा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, चटका लागला की काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि तिथल्या तिथं खायचं. आत्याबाईंचा एक नियम होता. हुरडा आगटीपासून हलत नाही. ताटात घालून घरी न्यायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही. एका साली थोरले दीर काही कारणानं रुसून घरी बसले. सासरे म्हणाले, त्याला मूठभर नेतो. आत्याबाईंनी त्यांच्या हातातला रुमाल झटकून टाकला. ज्याला खायचंय त्यानं आगटीपाशी यावं, म्हणाल्या. दीर आले. तोंड पाडून, पण आले.

मी पहाटे दव असतानाच कणसं कापली, ओल्या फडक्यात बांधली. गोवऱ्या वेगळ्या पिशवीत. बसमध्ये कंडक्टरनं पिशवीला पाय लागला म्हणून विचारलं, काय आहे. मी सांगितलं. तो अर्धं तिकीट फाडता फाडता म्हणाला, मावशी, शहरात आम्ही शेणाची कमी केलीय होय. पुढच्या सीटवरचे दोघं हसले. मी पिशवी मांडीवर घेतली. रस्ताभर मी पदराच्या गाठीतला पत्त्याचा कागद चाचपत होते. फोनमध्ये पत्ता होता, तरी. फोन बंद पडला तर? कागद कुठं बंद पडतो?

बसस्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं पाणचक्की दाखवू का विचारलं. सोळा वर्षं बघायची राहिलीय, पण मी नाही म्हटलं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट होती. मी लिफ्टला भिते. दार लागलं की वाटतं हे आता उघडायचं नाही. दोन्ही पिशव्या घेऊन मी जिने चढले.

जाऊबाईंनी दार उघडलं. सुट्टी असून त्यांचे डोळे खोल गेलेले. हळू आवाजात त्यांनी सांगितलं, परवा त्यांनीही मोंढ्याच्या बाजारातून हुरडा आणला होता, तव्यावर तूप सोडून भाजला होता, छान वाटीत घालून दिला होता. आत्याबाईंनी वाटीला हात लावला नाही. मला ते ऐकून आधी जाऊबाईंचं वाईट वाटलं. आणि मग आत्याबाईंचा तो नियम आठवला.

आत गेले. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून. केस विंचरलेले, पातळ स्वच्छ. जाऊबाईंनी कशातच कमी केलं नव्हतं. माझा आवाज ऐकून वळल्या. फडक्याचा वास त्यांना आधी आला बहुतेक.

"आणलास व्हय," त्या म्हणाल्या. "गोवऱ्या?"

मी म्हटलं आणल्यात.

"मग भाजून आण वर."

मी उभीच राहिले. सोळा वर्षांत मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. कशालाच.

"वर नाही येणार, आत्याबाई. आगटी खाली पेटवते. तुम्ही खाली या."

जाऊबाई दारात होत्या, त्यांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

"मला पाय नाय," आत्याबाई म्हणाल्या.

"आहे. डॉक्टरांनी जोडलाय. हुरडा आगटीपासून हलत नाही, हे तुमचंच."

मग त्या लई बोलल्या. सगळं नाही लिहीत. मला शिकवती का, म्हणाल्या. हुरड्याचा भात करणारी तू, तुला आगटी म्हंजी काय ते तरी ठावं होतं का, मी नसते तर तुला पहिल्या संक्रांतीला गाडीत बसवलं असतं. सगळं खरं होतं. मी मान खाली घालून ऐकलं, पिशव्या उचलल्या आणि जिना उतरले. जिन्यात रडले, पण थांबले नाही.

खाली सगळीकडे फरशीचे ठोकळे. खळगा करायला माती कुठंच नाही. शेजारी एका इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या एका बाईकडं घमेलं मागितलं. तिनं कशाला विचारलं, मी हुरड्याला म्हटलं, तर तिनं आतलं सिमेंट खरवडून दिलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी परत आण म्हणाली. पार्किंगच्या कडेला, गाड्यांपासून लांब, भिंतीच्या आडोशाला मी घमेल्यात गोवऱ्या रचल्या. खाली विटा ठेवायचं सुचलं नाही. धूर झाला, गोवरीचा असतो तसा भरपूर, आणि तो पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे गेला.

पाचच मिनिटांत सोसायटीचे सचिव आले. स्वेटर, कानटोपी, हातात चहाचा कप तसाच. इथं जाळायला मनाई आहे, बोर्ड वाचता येतो का, म्हणाले. मी म्हटलं येतो. मग? मी कुणाकडं आलेय ते सांगितलं. ते म्हणाले, कुणाकडंही असा, आधी विझवा. एरवी कुणी मोठ्यानं बोललं तरी मी हातातलं काम टाकून बाजूला होते. त्या दिवशी मी घमेल्यासमोर उकिडवी बसले ती हललेच नाही.

"विझवते," मी म्हटलं. "पण आत्ता नाही. माझी सासू यायचीय."

ते म्हणाले, ती आजारी आजी? ती तर उठतच नाही. माझी नजर लिफ्टच्या दारावरच्या आकड्यावर होती. तिथं शून्य होतं. विस्तव धरत आला, मी कणसं खुपसली. शून्यच. सचिव फोन काढून कुणाला तरी बोलवत होते. मला वाटलं, मी हे काय केलं. ज्या बाईनं मला ठेवून घेतलं, तिला मी उपाशी ठेवलं. वर जाऊन पाय धरावेत, हुरडा वाटीत घालून न्यावा, कशाला पाहिजे नियम. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला आणि आकडा बदलला. एक. दोन. तीन. चार.

चारवर तो इतका वेळ थांबला की सचिवसुद्धा तिकडं बघू लागले. मग खाली येऊ लागला. दोनवर पुन्हा थांबला. नंतर कळलं की कुणीतरी आत शिरायला बघत होतं आणि आत्याबाईंनी त्याला वॉकर दाखवून हाकलून दिलं. दार उघडलं. पुढं वॉकर, मागं आत्याबाई, त्यांच्या मागं दोन्ही हात पसरून, पण न धरता, जाऊबाई. खांदा द्यायचा नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. मला ते कधी जमलं नसतं.

लिफ्टपासून भिंतीपर्यंत चाळीस पावलं तरी असतील. प्रत्येक पावलाला आत्याबाई मला एक शिवी देत होत्या. शिव्या संपल्या तेव्हा पहिल्यापासून सुरू केल्या. सचिवांनी मध्येच, न सांगता, एक स्कूटर बाजूला ओढून वाट करून दिली. जाऊबाईंनी प्लास्टिकची खुर्ची आणली, आत्याबाई तिच्यात बसल्या, त्यांच्या कपाळावर हिवाळ्यात घाम होता. घमेल्याकडं बघून म्हणाल्या, "ही आगटी व्हय?"

मी कणीस काढून दिलं. त्यांनी ते चटक्यासकट तळहातावर घेतलं, चोळलं, फुंकर मारली. अख्खी मूठ हिरवी. मला वाटलं आता तोंडात टाकतील. त्यांनी हात सचिवांपुढं केला.

"घे बाबा. आगटीपाशी आलेल्याला रिकामं धाडत नसतेत."

सचिवांनी चहाचा कप कुठं ठेवावा म्हणून इकडं तिकडं बघितलं, शेवटी भिंतीवर ठेवला आणि हात पुढं केला. दुसरी मूठ जाऊबाईंना. तिसरी त्यांनी स्वतः खाल्ली, हळूहळू, डोळे मिटून. मला काही दिलं नाही. कच्चा राहिलाय, एवढं म्हणाल्या. नव्हता राहिला.

घमेलं घासून परत केलं. चारच्या बसनं मी निघाले. पाणचक्की बघायची राहिलीच. त्याआधी वर माघारी जाताना आत्याबाई तीच चाळीस पावलं चालल्या आणि लिफ्टच्या दारात मला म्हणाल्या, आत ये, भितेस काय, मी हाय ना. मी आत गेले.

घमेल्याखालच्या ठोकळ्यावर काळा गोल डाग पडला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर बरंच लिहून आलं म्हणे, पाहुण्यांनी गावचे प्रकार इथं करू नयेत वगैरे. लिहू देत. जाऊबाई सांगतात, आत्याबाई आता रोज सकाळी वॉकर घेऊन खाली जातात, डागापाशी उभ्या राहतात, वॉकरच्या टोकानं तो खरवडतात आणि ही बया काय करून गेली म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. माझ्याशी फोनवर अजून धड बोलत नाहीत.

परवा जाऊबाईंनी विचारलं, ॲसिड आणून तो डाग काढून टाकू का. मी म्हटलं, ताई, हात लावू नका.