काळ्या पर्ससमोर ग्लास

माझी भाची शर्वरी औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या तपासते. तिच्या लग्नाच्या बोलणीसाठी परवा आम्ही मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने पाणी दिले. शर्वरीने ग्लास अलगद फिरवला, पांढऱ्या भिंतीसमोर धरला, मग आपल्या काळ्या पर्ससमोर धरून निरखला.

“फिल्टरचंच आहे हो!” मुलाची आई दुखावून म्हणाली. स्थळ हातचे जाताना मला स्पष्ट दिसले.

“सॉरी काकू, सवय आहे,” शर्वरी ओशाळली.

मी शिक्षक, समजावून सांगणे भागच होते. तिच्या कारखान्यात जिवंत पेशी टाकीत उबेत वाढवतात, त्यांनी तयार केलेले औषधी प्रथिन वेगळे काढतात, पुन्हापुन्हा शुद्ध करतात, गाळून कुप्यांत भरतात. इतके झाल्यावरही कोणीतरी प्रत्येक कुपी डोळ्यांसमोर धरतेच. पांढरा कण काळ्यावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. अनोळखी रुग्णासाठी इतक्या मायेने संशय घेता येतो, हे बोलता बोलता मलाच उमगले.

“मग, पास की नापास?” मुलाने विचारले.

“पास,” म्हणत शर्वरीने ग्लास रिकामा केला.

त्याची आई हसली. चहा मात्र तिने स्टीलच्या पेल्यांतून आणला.