हेमाताईच्या गाडीवरची मागची जागा

हेमाताई गेल्याचं मला फिलूने फोन करून सांगितलं. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे की, मेलीला माझ्याआधी कसं कळलं? मग डोक्यात प्रकाश पडला... कळलं कसलं, ती तिथेच होती. शेवटच्या क्षणी हेमाताईच्या उशाशी फिलू, आणि मी विरारच्या चौथ्या मजल्यावर डब्याची पोळीभाजी करत. फोन ठेवला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. आता महिना उलटून गेलाय. या पुरवणीत हेमाताईवर कुणीतरी लिहावं असं गावात बोलणं निघालं तेव्हा मी ताबडतोब म्हटलं, मी लिहिते. मी नसतं लिहिलं तर फिलूने लिहिलं असतं, आणि ते मला बिलकूल चाललं नसतं.

आमच्या वर्गातल्या पोरांचे हिरो वह्यांच्या पुठ्ठ्यांवर असायचे. कुणाचा बॅट उंचावलेला, कुणाचा गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला. मी नव्वदच्या दशकातल्या आमच्या निर्मळ गावाबद्दल बोलतेय. तेव्हा सकाळी रस्त्यावर सायकली आणि केळीचे घड, एवढीच काय ती गर्दी असायची. माझी हिरो पुठ्ठ्यावर नव्हती. ती रोज सकाळी आमच्या कुंपणावरून निळ्या स्कूटरवर जायची. स्कूटर तिच्या बाबांची. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली गेली. आता वाडीचं कसं होणार, फुलं कोण पोचवणार, यावर घरात चर्चा सुरू असताना विशी ओलांडलेल्या या मुलीने गोणपाट काढला आणि गाडी ढकलत तळ्याकाठी नेली. अख्खं गाव बघायला! कुणी म्हणे दात पाडून घेईल, कुणी म्हणे हिला आता स्थळ येतंय कसं ते बघू. ती पडलीही, चांगली देवळासमोर, सगळ्यांच्या देखत. उठली, गुडघा झटकला, खदखदून हसली आणि पुन्हा किक मारली. मी आईचा हात धरून तिथे उभी होते. त्या दिवसापासून मला दुसरं कुणी आवडलंच नाही.

तिचं काम सोनचाफ्याचं. कळी उमलायच्या बेतात असताना पहाटे खुडायची, केळीचं पान घातलेल्या टोपलीत अलगद ठेवायची आणि सोपाऱ्याच्या स्टेशनावर दादरला निघालेल्या बायकांच्या हवाली करायची. आता चाफा म्हणजे भारी नाजूक प्रकरण. जरा दाबला, की पाकळीवर काळा डाग, आणि डागाळलेलं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही. पायाशी टोपली ठेवावी तर आमचे रस्ते असे, की स्टेशन येईपर्यंत अर्धी फुलं कामातून जायची. म्हणून तिला मागे बसून टोपली अधांतरी धरणारं कुणीतरी हवं होतं. वजनाने हलकं, हाताने स्थिर. खड्डा आला की टोपलीला न कळता तो हातातच जिरवणारं. आणि दोन्ही हात टोपलीला, म्हणजे बसायचं ते दोन्हीकडे पाय टाकून. एका बाजूला बसलं तर धरायला हात लागतो.

आधी तिने मला विचारलं होतं. हे ठळक लिहून ठेवते, कारण फिलू ते कधी कुणाला सांगत नाही. हेमाताई आमच्या अंगणात आली, ओढणी कमरेला खोचलेली, आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "अण्णा, हिला सकाळची माझ्याबरोबर द्या ना. शाळेच्या आत आणून सोडते." अण्णा झोपाळ्यावर. त्यांनी झोपाळा थांबवला. म्हणाले, "आमच्या घरातली मुलगी असे दोन्हीकडे पाय टाकून गावातून फिरणार नाही." मी मध्येच म्हटलं की, मी एका बाजूला बसेन. हेमाताई हसली. "मग टोपली कोण धरणार गं, चाफा स्वतः?" बस्स. विषय संपला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर निळ्या स्कूटरवर, दोन्ही हातांत टोपली धरून, फिलू!

फिलू म्हणजे फिलोमिना, चर्चच्या मागच्या आळीतली, माझ्याच वर्गातली, माझ्याच पुढच्या बाकावरची. तिच्या पप्पांनी म्हणे एवढंच सांगितलं, जा, पण शाळेची घंटा चुकली तर मार खाशील. असे बाप असतात लोकांना! त्या सकाळी फिलूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान ताठ, नजर टोपलीवर. काय तो भाव! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण हेमाताईच्या घरी रीत होती, की झाडावरून खुडलेलं पहिलं फूल विकायचं नाही, ते देवाचं. हेमाताई ते पहिलं फूल फिलूला द्यायची. तिची आई करवादायची, अगं, देवाचं ते! तर म्हणायची, "देव टोपली धरायला येतो का?" ते देवाचं फूल वेणीत खोवून फिलू शाळेत येऊन माझ्या पुढ्यात बसायची. दिवसभर! सकाळी गणित, दुपारी भूगोल, आणि नाकात सतत तो वास. बाई फळ्याशी थांबायच्या आणि म्हणायच्या, अहाहा, चाफा कुणी आणलाय? की ही उठून उभी. आजही कुणाच्या केसांत चाफा दिसला की लोकांना प्रसन्न वाटतं, मला मात्र भूगोलाचा तास आठवतो आणि कपाळाची शीर उडते.

मला काय मिळायचं? हात. आमचं कुंपण रस्त्याच्या अगदी वळणावर. गाडीचा आवाज आला की मी दात घासता घासता जास्वंदीपाशी जाऊन उभी राहायची. वळण घेताना हेमाताई मान वळवायची आणि डावा उचलून मला हात करायची. की लगेच पाठीमागून माझ्या आईची हाक, रोजची, "दोन्ही हातांनी चालव गं बये, पडशील!" हेमाताई हसत पुढे. बस, संपलं माझं. मी मनात म्हणायची, यात काय मोठंसं, रस्त्यात दिसेल त्याला हात करत असणार ही. सगळ्या गावाला हात, आणि फिलूला फूल.

मग त्या टँकरची गोष्ट. तेव्हा स्टेशनाच्या बाजूला इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना लागणारं पाणी आमच्या विहिरींतून उपसून टँकर भरभरून जायचं. वाड्यांतल्या विहिरी खाली चालल्या होत्या, लोक आपापसांत चरफडत होते, पण पुढे कोण होणार! एका सकाळी स्टेशनावरून परतताना हेमाताईसमोर अरुंद गल्लीत टँकर आला. तिने स्कूटर आडवी लावली, किल्ली काढली, मागे बसलेल्या फिलूच्या रिकाम्या टोपलीत टाकली आणि म्हणाली, "धर." आणि तिथेच बसून राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, हात जोडले. हळूहळू वाड्यांतून माणसं निघाली, बायका निघाल्या, आणि टँकरला ती सगळी गल्ली उलटी जावं लागलं. त्यानंतर आमच्या गल्लीत टँकर शिरला नाही. आणि मी कुठे होते? घरात! गालगुंड होऊन, दोन्ही गालांना लेप लावून, उशीत तोंड खुपसून. ही गोष्ट मी आयुष्यभर फिलूच्या तोंडून ऐकली आहे, आणि दर वेळी तो टँकर थोडा थोडा मोठा होत गेला आहे. किल्ली मात्र कायम तिच्याच टोपलीत.

हेमाताईने लग्न केलं नाही. पुढे फिलू तिच्याकडेच स्कूटर शिकली आणि दोघींनी मिळून फुलांचं काम वाढवलं. मी शिकले, लग्न होऊन विरारला फ्लॅटमध्ये गेले. माझ्या लग्नाला हेमाताई सिल्कची साडी नेसून स्कूटरवरून आली, मागे अर्थात फिलू. मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून स्टेजवर उभी, आणि मला हेवा कुणाचा, तर पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवणाऱ्या फिलूचा! नवऱ्याला हे एकदा सांगितलं तर तो म्हणाला, तू वेडी आहेस. असेन.

तिची मूत्रपिंडं कामातून गेली हे कळल्यावर मी वसईच्या दवाखान्यात जायला लागले. जेव्हा जावं तेव्हा फिलू आधीच तिथे, वाटीत पेज कालवत. हेमाताई पार वाळली होती, हाताला सुया टोचून टोचून निळे डाग पडलेले. माझ्यासमोरच ती फिलूला म्हणाली की, गाडी आता तूच ठेव, चालती राहिली पाहिजे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या अवस्थेतल्या माणसासमोर माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायची लाज वाटते, पण चाललं होतं. तेवढ्यात तिने मला जवळ बोलावलं. "काय गं, आता तर अण्णा नाहीत अडवायला. बसशील ना एकदा गाडीवर?" मी म्हटलं, तू बरी हो, मग बसते. ती डोळे मिटून नुसती "हं" म्हणाली... तेच आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्याला ही गर्दी! जो तो सांगतोय, हेमाचा माझ्यावर फार जीव. भाजीवाली सांगतेय, पोस्टमन सांगतोय, जन्मात तिच्याशी धड न बोललेले तिचे चुलते सांगताहेत. मी कोपऱ्यात द्रोण लावत बसले होते आणि आतून धुमसत होते. एवढ्या लोकांत वाटून झाल्यावर माझ्या वाट्याला उरलं काय? संध्याकाळी निघाले तर अंगणात निळी स्कूटर, आणि फिलू किक मारत उभी. "आईकडेच चाललीस ना? बस," म्हणाली. मी एका बाजूला बसायला गेले. ती मागे वळली. "तशी नाही. नीट बस." ड्रेसची ओढणी कमरेला खोचली आणि मी दोन्हीकडे पाय टाकून त्या गाडीवर बसले. सीट तीच, मध्ये उसवलेली, दाभणाने शिवलेली. मी आयुष्यभर जिच्यासाठी जळले ती जागा ही... खड्ड्याखड्ड्याला आदळत होती आणि पुढे दिसत काहीच नव्हतं. दिसत होती ती फक्त फिलूची पाठ.

आमचं वळण जवळ आलं तशी फिलूने गाडी हळू केली आणि कुंपणाच्या अलीकडे थांबवलीच. म्हणाली, "तुला एक सांगू? या वळणाचा मला काय राग यायचा! गिअरचा हात डावा. वळणावर तो सोडतात का कुणी? पण तुझं कुंपण आलं की ही बया सोडणार म्हणजे सोडणारच. गाडी डुगडुगायची. माझे दोन्ही हात टोपलीला, मी धरू कशाला? रोज मनातल्या मनात तुला शिव्या घालायचे."

मी म्हटलं, "त्यात काय, ती सगळ्यांनाच हात करायची."

"कुठे? अगं, फादर दिसले तरी नुसती मान हलवायची. म्हणायची, टोपलीत फुलं आहेत. हात फक्त इथे." इंजिन तसंच चालू. आणि पुढे बघतच, मागे न वळता, तिने मला विचारलं, "कशी दिसायची गं ती? हात करताना... हसायची का? मी इतकी वर्षं मागे बसले, मला नुसती पाठ दिसायची. तुलाच काय ते तोंड दिसायचं."

मी सांगितलं. समोरचा एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला, तो आधी दिसायचा. भुवया वर जायच्या, जणू मी तिथे असेन असं तिला वाटलंच नव्हतं. उन्हाने एक डोळा बारीक व्हायचा. आणि हात खाली घेता घेता ती ओठ चावायची, गाडी सावरण्यासाठी. फिलू ऐकत होती. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की, ती रडतेय, आणि मी पुढे वाकून तिला धरलं. माझे हात मोकळेच होते.

हल्ली रविवारी मी आईकडे येते. आई आता थकली आहे, अंगणात फारशी येत नाही. सकाळी वळणावर तो आवाज आला की हातातलं काम टाकून मी अजून जास्वंदीपाशी जाते. पुढे फिलू, मागे तिच्या भावाची मुलगी, दोन्हीकडे पाय टाकून, दोन्ही हातांत टोपली, वेणीत पहिलं फूल. ती गाडी फिलूच्या हातात बघून अजून पोटात दुखतं, खोटं कशाला सांगू? पण कुंपण आलं की फिलू मान वळवते आणि डावा हात उचलते. गाडी डुगडुगते, पोरगी घाबरून माझ्याकडे रागाने बघते. आणि मी ओरडते, "दोन्ही हातांनी चालव गं बये, पडशील!"